चीन: नदीचे दिवस कापू नका

दोन_तिकिटं:

चीनला जायचं ठरल्यावर दोन-तीन टूरवाल्यांकडे चौकशी केली. सगळीकडे साचा एकच: बीजिंग, शिआन, शांघाय, झालंच तर ग्वांगचौ. यांगत्से नदीवरचा जहाजप्रवास कुणाच्याच यादीत नाही. विचारलं तर "त्यात फार वेळ जातो, आपल्या लोकांना कंटाळा येतो" हे उत्तर. हे ऐकून जर लोक नदी सोडून देत असतील, तर ते फार मोठ्या गोष्टीला मुकतायत असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा काढलाय.

मी निवृत्त इतिहास शिक्षिका, नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ग्रुपबरोबर जायचं नव्हतं. आम्ही दोघंच, आणि प्रत्येक शहरात एक स्थानिक गाईड, गाडी, ड्रायव्हर. शहर बदललं की गाईड बदलते. ती स्टेशनवर पाटी घेऊन उभी असते आणि निघताना गाडीच्या फाटकापर्यंत सोडून जाते. बुकिंग करतानाच "जेड, रेशीम, मोती, चहा यांच्या दुकानांत थांबा नको" हे लेखी घेतलं होतं. तुम्हीही घ्या, नाहीतर अख्खी दुपार त्यात जाते.

बीजिंगवर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी थोडक्यात आटपते. राजवाडा सोमवारी बंद असतो आणि तिकीट पासपोर्टवर आधीच काढावं लागतं. १४०६ ते १४२० या काळात बांधलेला हा राजवाडा बघताना लोक सिंहासनाच्या दालनांपुढे गर्दी करतात. तुम्ही बाओहे दालनाच्या मागच्या बाजूला जा. तिथे ड्रॅगन कोरलेली एक अखंड शिळा आहे, २०० टनांहून जड. भर थंडीत रस्त्यावर पाणी ओतून त्याचा बर्फ होऊ द्यायचा आणि त्यावरून ओढत आणायची, अशी ती आणली. नवरा त्या शिळेपाशी उभा राहिला तो हलेचना. चीनची भिंत आम्ही मुत्यान्यूला पाहिली. बादालिंगपेक्षा गर्दी कमी, वर जायला केबल कार.

शिआनला चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक. १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत असताना ते सापडले हे बहुतेकांना माहीत असतं. पण पहिल्या खड्ड्याच्या पार मागच्या टोकाला जाईपर्यंत लोक थकलेले असतात आणि तिथूनच परत फिरतात. तसं करू नका. तिथे सैनिकांची डागडुजी चालू असते. कुणाच्या छातीला प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, कुणाला अजून डोकं नाही, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. शेजारी कमरेएवढ्या लाकडी चौकटीत तुकडे मांडून ठेवलेले. या सगळ्यांवर एके काळी रंग होते. जमिनीतून बाहेर आले की खालचा लाखेचा थर सुकून वळतो आणि रंग सुटून पडतो. म्हणून उरलेलं खणायची त्यांना घाई नाही. सम्राटाच्या थडग्याचा मुख्य ढिगारा तर अजून उघडलेलाच नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटला.

शिआनलाच मोठ्या हंसाचा पॅगोडा आहे. ह्युएन त्संग भारतातून जे ग्रंथ घेऊन गेला, ते ठेवायला ६५२ मध्ये बांधलेला. शाळेत मी हा माणूस वर्षानुवर्षं शिकवला. पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं मानी आहेत, केलेले उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. गाईडला हे सांगितलं तर तिने लगेच वही काढून लिहून घेतलं. "पुढच्या वेळी तुमच्याकडचे पर्यटक आले की सांगेन," म्हणाली. अंगणात त्याचा पुतळा आहे. त्याला मी नमस्कार केला.

आता नदी.

जहाज चोंगचिंगहून निघतं. हे शहर डोंगरावर चढत गेलेलं. आपण इमारतीत तळमजल्यावरून शिरतो आणि वरच्या मजल्यावरून बाहेर पडलो तर तिथेही रस्ता असतो. धक्क्याच्या पायऱ्यांवर बांबूच्या दांड्याला दोरीने सामान लटकवून नेणारे हमाल अजून दिसतात, पण सगळे वयस्कर. खाली जाणारं जहाज साधारण तीन रात्री घेतं, उलट्या दिशेने आलात तर एक जास्त.

पहिल्या दिवशी शिपाओचाय. कड्याला पाठ लावून उभा केलेला १२ मजल्यांचा लाल लाकडी मनोरा. पुढे नदीवर बांधलेल्या थ्री गॉर्जेस धरणाचं पाणी चढणार म्हणून त्याच्याभोवती गोल भिंत बांधून घेतली, त्यामुळे आता ते बेट झालंय. झुलत्या पुलावरून जावं लागतं.

मग घळी. छुतांग, वू आणि शिलिंग. छुतांग सगळ्यांत छोटी, जेमतेम आठ किलोमीटर, पण सगळ्यांत अरुंद. तिच्या तोंडाशी दोन्ही बाजूंचे कडे जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, त्याच जागेचं चित्र १० युआनच्या नोटेच्या मागे आहे. सकाळी डेकवर दीडशे माणसं हातात नोट धरून उभी होती. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी आमच्याकडे नोट नाही असं पाहून स्वतःची दिली आणि खुणेने सांगितलं, अजून थोडं थांबा. जहाज वळलं आणि चित्रातली रेघ न् रेघ समोर जुळली.

वू घळीजवळ लहान बोटीत बसवून एका उपनदीत नेतात. पाणी हिरवं, कडे सरळ. खूप उंचावर कपारीत लाकडी शवपेट्या अडकवलेल्या, जुन्या पा लोकांच्या. बोटीवरची गाईड तिथलीच. तिचे आजोबा ट्रॅकर होते. म्हणजे काठाकाठाने चालत, बांबूच्या दोराने बोटी प्रवाहाविरुद्ध ओढणारे. तिने माइकवर त्यांच्या हाळीच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. मग बोलता बोलता पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, "माझी शाळा इथे खाली आहे."

डोंगरावर जागोजागी १७५ अशी पाटी दिसते. धरणाची पूर्ण पातळी १७५ मीटर. पावसाळ्याआधी, पुराला जागा करायला, ती १४५ पर्यंत खाली आणतात. आम्ही एप्रिलअखेर गेलो, तेव्हा पाणी उतरत होतं आणि दोन्ही काठांना उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसत होता. त्याच्या वर सगळी नवी कोरी शहरं. जुनी पट्ट्याच्याही खाली.

धरणाबद्दल आम्हा दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. नवरा म्हणतो, २,३०० मीटर लांबीचं धरण, ७०० मेगावॉटची ३२ जनित्रं, एकूण जवळपास साडेबावीस हजार मेगावॉट; अख्खी कोयना १,९६० ची. १९९४ मध्ये काम सुरू करून २०१० पर्यंत पाणी १७५ वर नेलं. हे त्याच्या आयुष्यभराच्या कामाशी जोडलेलं आहे आणि त्याचे डोळे भरून आले होते. मला मात्र तेरा लाख माणसं हलवली हा आकडा आणि ती शाळा डोक्यातून जात नाही.

रात्री जहाज लॉकमधून, म्हणजे पाणी सोडून जहाज पायरीपायरीने खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांतून, उतरतं. पाच पायऱ्या. आमच्या बाल्कनीपासून हातभर अंतरावर ओली काँक्रीटची भिंत आली. शेजारी वाळूचा बार्ज, मागे अजून दोन जहाजं, सगळी एकाच हौदात दाटीवाटीने. पाणी सोडलं तशी भिंत वर सरकू लागली. जहाज ज्या लोखंडी खुंटांना बांधलेलं असतं ते भिंतीतल्या खाचेतून पाण्याबरोबर खाली येतात, आणि येताना कण्हल्यासारखे करकरतात. सगळं पार व्हायला तीन-चार तास लागतात. नवरा शेवटच्या दरवाजापर्यंत बाल्कनीत उभा होता. बुकिंग करताना एक नक्की विचारा: बरीच जहाजं धरणाच्या वर माओपिंगलाच उतरवतात आणि बसने धरणाखालच्या यीचांग शहरात नेतात. लॉक अनुभवायचा असेल तर खालपर्यंत जाणारं जहाज मागा.

शेवटी शांघाय. बंड म्हणजे जुन्या इमारतींचा नदीकाठ, समोर ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, सगळं झगमगीत. पण मी एकच गोष्ट सांगते. शनिवार-रविवारी पीपल्स पार्कमध्ये जा. आईवडील जमिनीवर उघड्या छत्र्या ठेवून त्यांवर कागद लावून बसतात: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर स्वतःचं आहे का. मुलामुलींची स्थळं! एका काकांनी आम्हाला मुलगा आहे का विचारलं. आहे, पण लग्न झालंय, असं गाईडने सांगितल्यावर त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

विचारा काय विचारायचं ते.

---

चहाबाज:

वाचनखूण साठवली आहे. शिळेचा भाग आणि लॉकचा भाग दोन्ही मस्त. आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. जहाजावर उपाशी राहू का?

---

शांघायकर:

इथे नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडी भर.

खाणं: "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण भाजीत चिमूटभर खिमा किंवा डुकराची चरबी घातली तर अनेकांच्या लेखी ती भाजीच. मापो टोफूत बहुतेक वेळा खिमा असतो. "वो छी सू" म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे. आणि कागदावर अंडं, मासे, मांसाचं पाणी नको असं चिनीत लिहून ठेवा. बटाट्याचा परतलेला कीस, वांगं-बटाटा-मिरचीची भाजी, लसणावर परतलेली पालेभाजी आणि भात कुठेही मिळतं. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी हॉटेलं उत्तम. जहाजावर बुफे असतो, आधी कळवलं तर वेगळं करून देतात. आणि प्यायला गरम पाणी सगळीकडे: स्टेशनवर, गाडीत, हॉटेलात. आपला थर्मास न्या, मसाला चहाची सोय झाली.

पैसे: रोख चालते, पण सगळं मोबाइलवर. अलीपे किंवा वीचॅटला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड भारतातूनच जोडून या, ओळख पडताळणीही निघण्याआधीच पूर्ण करा.

इंटरनेट: हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सअॅप उघडत नाही. भारतीय सिमचं रोमिंग घेतलंत तर सहसा चालतं.

विमान: २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये परत सुरू झाली. आता दरवेळी सिंगापूर किंवा बँकॉकचा वळसा नको.

बंडवर हिरव्या निमुळत्या छपराचं जुनं हॉटेल दिसतं, ते पुणेकरांनी मुद्दाम बघा. १९२९ चं ससून हाऊस. पुण्याचं ससून, मुंबईचा ससून डॉक आणि ही इमारत, सगळं एकाच घराण्याचं. डेव्हिड ससूनची कबर पुण्यात लाल देवळाच्या आवारात आहे. मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूवर या पैशाचा मोठा वाटा उभा राहिला, हेही तिथे उभं राहून आठवायला हवं.

---

रस्सा_वाटी:

चोंगचिंगचं हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या तिखट रश्शात शिजवून खायचं ते, खाल्लंत की नाही? त्यात जी जीभ बधिर करणारी मिरी असते, ती आपल्या तिरफळाची सख्खी बहीण. एकाच कुळातली झाडं. मालवणी बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्यांना तो वास लगेच ओळखू येईल. आम्ही बरोबर नेलेली तिरफळं तिथल्या एका मसालेवाल्या बाईंना हुंगायला दिली तर त्यांनी मूठभर ठेवून घेतली आणि बदल्यात त्यांची पुडी भरून दिली.

---

घाईत:

लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत. सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन आम्ही यांगत्सेला गेलो होतो. दुसऱ्या दिवसापासून "अजून किती पाणी?" सुरू झालं. धुकं इतकं की वू घळीतलं प्रसिद्ध देवीचं शिखर दिसलंच नाही. धरण झाल्यापासून घळींची उंचीही पाण्यात गेली आहे, पूर्वीचा थरार राहिलेला नाही. नदीच बघायची तर ग्वेलिनची ली नदी बघा. ग्वेलिन ते यांगश्वो ८३ किलोमीटर, बोटीने साधारण चार तास, चुनखडीचे ते सुळके, म्हशी, बांबूची बेटं. २० युआनच्या नोटेवर तीच जागा आहे. अर्ध्या दिवसात काम होतं.

---

दोन_तिकिटं:

@घाईत, ली नदी आम्हीही केली आणि ती अतिशय सुंदर आहे, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. ती बघायला जायचं. यांगत्सेवर आपण राहतो. रात्री खिडकीतून कोळशाचे बार्ज जाताना दिसतात, पहाटे पुलाखालून जाताना वरच्या गाड्यांचे दिवे दिसतात, जेवणाच्या टेबलावर वुहानचं एक निवृत्त जोडपं रोज आमच्यासाठी जागा धरून ठेवतं. ग्रुपमधून फिरताना चिनी माणूस आपल्याला फक्त काउंटरच्या पलीकडे भेटतो. जहाजावर तोही आपल्यासारखाच सुट्टीवर आलेला असतो. आम्हाला चीनमधली माणसं भेटली ती नदीवर.

धुक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. चोंगचिंगकडे हिवाळ्यात धुकं फार. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा. आणि घळी बुटक्या झाल्या हेही खरंच, पण छुतांगमध्ये अजूनही मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं.

---

कोयनाकाठ:

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितोय ते त्या शाळेच्या वाक्यामुळे.

आमचं गाव शिवसागरात गेलं. माझा जन्म पुनर्वसनातला. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की वडील आम्हाला होडीतून नेऊन जोतं दाखवायचे: हे माजघर, हा गोठा, इथे तुझी आजी जात्यावर बसायची. पिंपळाचा पार दिसला की चपला काढायचे. कोयनेची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली आणि जमिनीच्या हक्कासाठी पिढ्यान्पिढ्या झगडत राहिली. वीज सगळ्या महाराष्ट्राला मिळाली याचा मला अभिमानही आहे, तुमच्या मिस्टरांसारखाच. दोन्ही एकाच छातीत राहतं.

त्या बाईंच्या गावाचं काय झालं, काही बोलल्या का? त्यांनाही उन्हाळ्यात काही दिसतं का?

---

दोन_तिकिटं:

@कोयनाकाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्यांना विचार पार कुठल्या गावचा.

त्या बाई बोलल्या, पण बोटीवरून उतरल्यावर, माइक बंद झाल्यावर. त्यांच्या घरच्यांना वर नव्या शहरात फ्लॅट मिळाला. काकांचं कुटुंब मात्र पार शांघायकडे, नदीच्या मुखाजवळच्या बेटावर पाठवलं. तिथली बोली काकूला अजून नीट कळत नाही. आजोबांच्या अस्थी हलवायला सरकारने पैसे दिले होते, त्या त्यांनी डोंगरावर नेऊन पुरल्या. आणि नाही, खाली काही दिसत नाही. पाणी भरण्याआधी इमारती पाडून साफ केल्या होत्या. पट्ट्यात फक्त माती.

---

शेंगाचटणी:

सोलापूरकर म्हणून हे लिहिलंच पाहिजे. तुम्ही ज्या पाण्यातून खाली आलात त्याच वाटेने १९३८ मध्ये आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वर गेले होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला पोचले. कोटणीस सोलापूरचे, चोळकर नागपूरचे, शिवाय अटल, बसू आणि मुखर्जी. जपानी फौजा पुढे सरकत होत्या, तसतसं हे पथक हांकौहून यीचांग, यीचांगहून चोंगचिंग असं मागे मागे सरकत, जखमींवर उपचार करत गेलं. तेव्हा ना धरण, ना लॉक. १९३९ मध्ये ते येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर पोचले. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली, तरी ते परत फिरले नाहीत. १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय अवघं ३२.

त्यांची समाधी श-च्या-च्वांगला शहीद स्मशानभूमीत आहे. बीजिंगहून वेगवान गाडीने तासा-सव्वा तासाचं अंतर. कुठल्याही टूरमध्ये नसतं. पण खाजगी गाईड घेऊन जाणाऱ्यांनी एक दिवस तिथे द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही गेलो तेव्हा समाधीवर ताजी फुलं होती, आणि ती कुणा भारतीयाने ठेवलेली नव्हती. शाळेची मुलं रांगेने येतात. आम्ही "सोलापूर" म्हटलं आणि तिथल्या बाईंनी मान लववून नमस्कार केला.

---

भूगोलवेडी:

अंगावर काटा आला. माझ्या यादीत श-च्या-च्वांग पक्कं.

---

दोन_तिकिटं:

@शेंगाचटणी, हे जायच्या आधी वाचलं असतं तर यीचांगच्या धक्क्यावर वेगळ्या नजरेने उभी राहिले असते. ज्यांचे बेत अजून ठरतायत त्यांनी बीजिंगचा एखादा बाजार कापा आणि हा दिवस घाला.

---

चहाबाज:

शेवटचा प्रश्न. बायकोचे गुडघे कुरकुरतात. शिपाओचाय चढवेल? आणि केबिन कुठल्या बाजूची घ्यावी?

---

दोन_तिकिटं:

मनोऱ्याच्या आतले जिने अरुंद आणि उभे आहेत, शेवटचे मजले तर जवळजवळ शिडीच. नाही जमलं तर झुलत्या पुलाच्या अलीकडून तो सगळा दिसतो, तिथे बसायला जागा आहे. जहाजातून किनाऱ्यावर जाताना मात्र पायऱ्या चुकत नाहीत, आणि पाणी उतरलेलं असेल तेव्हा त्या वाढतात. त्यामुळे गुडघ्यांसाठी ऑक्टोबरनंतरचा काळ बरा, तेव्हा पाणी वर असतं. केबिनची बाजू कुठलीही घ्या, घळींत सगळे डेकवरच असतात. मजला मात्र वरचा मागा, खालच्या मजल्यांवर इंजिनाचा आवाज येतो.